राखीव दिवस

जिना चढताना वरून ब्लेडबाईचा आवाज आला.

"आज जरा उशिराच उठले. आता बाल्कनीत बसलेय, चहा घेतेय. हवा बरी आहे."

आवाज तिचाच होता, शंकाच नको. घोळ एवढाच होता की ब्लेडबाई माझ्या मागे होती. दोन पायऱ्या खाली, एका हातात पिशवी, दुसरा हात कठड्यावर आणि चपलांत वाळू.

"मेले, गप्प बस की आता," ती पुटपुटली. स्वतःलाच म्हणत होती.

वळणावर आम्ही दोघी आलो आणि पाहतो तर काय, तिच्या दाराबाहेरच्या पायपुसण्यावर तिचा मुलगा बसलेला. पाठ दाराला टेकलेली, पाय लांब सोडलेले, ऑफिसचा कोट मांडीवर, हातात फोन. फोनमधली ब्लेडबाई आपण कुंड्यांना पाणी कसं घातलं ते सांगत होती. मुलाने आमच्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे, मग चपलांकडे. फोन मात्र बंद केला नाही. आम्हा तिघांना ते सगळं शेवटपर्यंत उभ्याउभ्या ऐकावं लागलं.

"चला, कामाला लागते आता," फोनमधली ब्लेडबाई म्हणाली आणि थांबली.

"लाग की," मुलगा म्हणाला. "कुणी अडवलंय?"

ब्लेडबाई हे नाव तिला रेडिओवर पडलं. आम्ही दोघी तिथेच नोकरीला होतो. मी टेपांच्या खोलीत, ती शेजारच्या खोलीत टेपा कापायला. त्या काळी बोलणं टेपेवर घेत आणि नको असलेलं खरोखरच कापून काढत. ती चकती हाताने मागेपुढे करायची, कान लावून खोकला नेमका कुठे सुरू होतो ते शोधायची, तिथे पिवळ्या पेन्सिलीने खूण करायची, ब्लेडने तिरका छेद द्यायची आणि दोन टोकं चिकटपट्टीने जोडायची. मोठमोठ्या माणसांचे खोकले, अडखळणं, 'म्हणजे' आणि 'काय आहे की', सगळं तिच्या टेबलाखालच्या टोपलीत पडायचं. संध्याकाळी टोपली उचलायला आलेला शिपाई म्हणायचा, "आज किती लोकांना गप्प केलंत, बाई?" तिचा स्वतःचा आवाज मात्र इतक्या वर्षांत एकदाही रेडिओवरून गेला नाही. तशी वेळच आली नाही आणि तिला त्याचं काही वाटलंही नाही. दुपारचा डबा आम्ही एकत्र खायचो, आणि मी बोलायचे, ती ऐकायची. पुढे योगायोगाने आमची बिऱ्हाडंही एकाच इमारतीत आली. मी खाली, ती वर.

गेल्या वर्षी ती न्हाणीघरात घसरली. मोडलं काही नाही, पण मुलगा घाबरला. तो गाडी घेऊनच आला. म्हणे, आता एकटं राहायचं नाही, आमच्याकडे चल. त्याचं घर मोठं आहे, उंचावर आहे, सून प्रेमळ आहे. पण ब्लेडबाई तिथे आठवडाभर राहून आली की दोन दिवस तिचं डोकं दुखतं.

"त्यांच्या खिडक्या उघडतच नाहीत गं," ती मला सांगायची. "गारवा आपोआप येतो, उजेड आपोआप जातो. ऐकायचं काय दिवसभर? फ्रिज?"

तिच्या बाल्कनीखाली बसथांबा आहे आणि टायरवाल्याचं दुकान आहे. सकाळपासून हातोडी, हवेचा पंप, भांडणं, हॉर्न. आल्यागेल्याला वाटतं, ही बाई इथे राहते कशी. तिला मात्र कोणती बस आली ते न बघता सांगता येतं.

त्या वेळी मी मध्ये पडले आणि तडजोड झाली. मुलाने तिच्या फोनवर एक सोय बसवून दिली. त्यात प्रत्येक दिवसाचा एक चौकोन असतो. त्यात फोटो टाका, दोन ओळी लिहा, नाहीतर बोला. घरातले सगळे ते पाहतात आणि खाली लाल बदाम टाकतात. अट एकच होती. दुपारच्या आत ब्लेडबाईचा चौकोन भरलेला दिसला पाहिजे. नाही दिसला तर पुढचं घर मुलाचं.

आणि गंमत अशी की तिला ते आवडलं. आधी 'मला काय सांगायचंय कपाळ' म्हणणारी ही बाई रोज सकाळी चहाचा कप घेऊन फोनपुढे बसू लागली. टायरवाल्याचं आणि त्याच्या सासऱ्याचं कसं फाटलं, कोपऱ्यावरची शिंपीण आता चष्म्यावर चष्मा लावून दोरा ओवते, कुंडीतलं लिंबाचं झाड फळ देत नाही पण रुबाब किती. तिला बोलायला आवडतं हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कळलं. लांबच्या देशातली पुतणी ते रोज बसमध्ये ऐकायची. दीर स्वतःच्या चौकोनात फक्त रक्तदाबाचा आकडा टाकायचे, पण हिचं ऐकून वर एखादी ओळ लिहायचे. नणंद सगळ्यांना 'छान' म्हणायची. ब्लेडबाईने दाढ काढल्याचं सांगितलं तरी 'छान'.

मुलगा स्वतः कधी काही टाकत नसे. त्याचे चौकोन सगळे रिकामे. तो फक्त ऐकायचा आणि बदाम टाकायचा.

पण त्या दाढेनेच पुढचं सगळं घडवलं. दाढ काढायची होती त्या दिवशी ही सकाळीच दवाखान्यात गेली, तिथे ताटकळली आणि खुर्चीत तोंड उघडून बसलेली असतानाच दुपार उलटली. परत येते तर दारापुढे जत्रा. रखवालदार, पहार घेतलेला टायरवाला, समोरची बाई डोळ्यांना पदर लावून, आणि रखवालदाराच्या फोनवर मुलगा ओरडतोय, "तोडा! दार तोडा!" हिला बोलता येईना. गालात कापसाचा बोळा. हातवारे करत कशीबशी दारापर्यंत पोचली.

"ही हजेरी झाली," दुसऱ्या दिवशी गाल बरा झाल्यावर ती मला म्हणाली. "बोलावंसं वाटतं म्हणून बोलणं वेगळं, आणि मेले नाही हे कळवायला बोलणं वेगळं."

रेडिओवर आमच्याकडे एक पद्धत होती. ठरलेला पाहुणा आला नाही, कुणाचा घसा बसला, तरी वेळ रिकामी जाता कामा नये. म्हणून एका कपाटात राखीव टेपा तयार असत. कधीही लावल्या तरी चालतील अशा. त्यांत वार सांगायचा नाही, पाऊसपाणी सांगायचं नाही, ताजी बातमी नाही. त्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असे.

ब्लेडबाईने तेच केलं. त्या फोनच्या सोयीत आज बोलून ठेवलेलं पुढे हव्या त्या दिवशी आपोआप लागतं, हे तिचं तिनेच शोधून काढलं. मग आमची दुपारची रेकॉर्डिंगं सुरू झाली. ती झोपायच्या खोलीतलं कपाट उघडायची, टांगलेल्या जाड कपड्यांत तोंड घालायची, डोक्यावरून रजई घ्यायची आणि आतून सांगायची, "आता बाल्कनीत बसलेय." मी बाहेर बेल वाजू नये म्हणून उभी. हसू दाबून दाबून माझं पोट दुखायचं. नंतर ती चष्मा लावून बोटाने फोनवर खोकले कापायची. तिला सकाळचा कोरडा खोकला आहे, फार वर्षांपासून. "ब्लेडची सर नाही याला," म्हणायची, पण चेहरा तरुण दिसायचा.

"किती स्वच्छ आलंय बघ," एकदा तिने मला ऐकवलं. "एक कण नाही आवाजाचा."

असे थोडे राखीव दिवस साठले, तेव्हा तिने विचारलं, "समुद्रावर जायचं का?"

नोकरी सुटल्यापासून आम्ही हे म्हणत होतो. कधी तिच्या नातवाचं आजारपण, कधी माझे गुडघे. मुलाला विचारलं असतं तर त्याने डॉक्टरांना विचारलं असतं, डॉक्टरांनी तपासण्या सांगितल्या असत्या, आणि समुद्र तिथेच राहिला असता.

त्या दिवसांबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही, आणि तेच त्यांचं सुख होतं. साधी खोली, दोन पलंग, खिडकीसमोर पाणी. सकाळी उठून पाण्यापर्यंत जायचं, पाय बुडवून उभं राहायचं, मग खुर्च्या टाकून बसायचं. ब्लेडबाई डोळे मिटून बसायची. मला वाटायचं झोपली, पण मध्येच म्हणायची, "आता मोठी येतेय बघ," आणि खरंच मोठी लाट यायची. संध्याकाळी आइस्क्रीम. घरी दोघींनाही मनाई. एकदा सूर्य असा काही टेकला होता की मी न राहवून फोन काढला.

"ठेव ते," ती म्हणाली.

"अगं, किती सुंदर दिसतंय!"

"म्हणूनच म्हणते. हे कुणाला सांगायचं नाही."

फोन दोघींनी बंदच ठेवले होते. उचलला असता तर मागचा समुद्र ऐकू गेला असता.

आता समुद्र संपला होता आणि आम्ही पायपुसण्यापाशी उभ्या होतो.

"फोन का बंद?" मुलाने विचारलं.

"चार्जर विसरले."

"आणि मावशी, तुझा?"

"मी पण," मी म्हटलं. माझ्या पर्सच्या बाहेरच्या कप्प्यातून चार्जरची वायर लोंबत होती. त्याने ती पाहिली आणि काही बोलला नाही. लहानपणीही तो असाच. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

ब्लेडबाईने कुलूप काढलं. आत गेल्यागेल्या तिने बाल्कनीचं दार उघडलं आणि टायरवाल्याची हातोडी घरात आली. मी चहाचं आधण ठेवलं. खरं तर मी खाली माझ्या घरी जायला हवं होतं, पण तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी साखरेचा डबा शोधण्यात वेळ काढला.

"कोणी सांगितलं तुला?" तिने विचारलं.

"कोणी नाही. ऐकलं आणि कळलं."

"कसं कळेल? मी तर..."

"बाल्कनीत बसलीस म्हणतेस आणि खाली रस्ता नाही. बस नाही, टायरवाला नाही, खोकला नाही. पहिल्या दिवशी म्हटलं, असेल. दुसऱ्या दिवशीही तेच. फोन बंद. आज ऑफिसातून अर्धी रजा टाकून आलो." तो खुर्चीत बसला. "मला ते पाच वर्षांचा असल्यापासून ओळखू येतं, आई. टेपमधल्या आईच्या मागे घर नसायचं."

ब्लेडबाई उभी होती ती पलंगावर बसली.

तेव्हाची गोष्ट मला माहीत होती. तिचा नवरा फिरतीवर असायचा आणि तिला संध्याकाळची पाळी. शेजारची आजी मुलाला बघायची, पण तो रडून घर डोक्यावर घ्यायचा. म्हणून हिने रेडिओतून मोडीत निघालेलं एक टेप लावायचं यंत्र घरी आणलं आणि मुलासाठी टेपा भरून ठेवू लागली. आजी बटण दाबायची आणि आई बोलायची. 'भोपळ्या, हातपाय धुतलेस?' मग थोडी शांतता, त्याला उत्तर देता यावं म्हणून. 'शाब्बास. आता दूध पी.' पुन्हा शांतता. आम्ही सगळ्या तिचं कौतुक करायचो. शांततेची लांबी ती घड्याळ लावून ठरवायची.

"मी उत्तरं द्यायचो," मुलगा म्हणाला. भोपळ्या म्हणावं असं आता त्याच्यात काही उरलं नव्हतं. सडपातळ, टक्कल पडलेलं, डोळ्यांखाली सावल्या. "खरीखुरी द्यायचो. मग एक दिवस नाही म्हटलं. तू विचारलंस, हातपाय धुतलेस का, मी म्हटलं, नाही धुतले. तू म्हणालीस, शाब्बास."

आधण उकळत होतं. मी गॅस कमी केला नाही.

"मग रोज नाही म्हणायला लागलो," तो म्हणाला. "दूध सांडलं म्हटलं. काच फोडली म्हटलं. ताप आलाय म्हटलं. शाब्बास, शाब्बास, शाब्बास."

ब्लेडबाईचं तोंड उघडं राहिलं. आणि मग तिला हसू आलं. आवरायला गेली ते आवरेना. हसता हसता खोकला लागला, खोकता खोकता डोळ्यांतून पाणी. मुलगा तिच्याकडे बघत राहिला, आणि त्याच्याही ओठांचा कोपरा हलला.

"हसतेस काय, आई!"

"तू खरंच काच फोडली म्हणालास?"

"म्हणालो."

"आणि मी?"

"शाब्बास म्हणालीस. अजून काय म्हणणार होतीस!"

तोही हसला. मी चहा आणला तेव्हा ती त्याच्या शेजारी बसली होती आणि त्याचा कोट उगाच झटकत होती.

चहा झाल्यावर तो मूळ मुद्द्यावर आला. तो विसरणाऱ्यांतला नाही. "सामान भर. आपलं ठरलं होतं."

"ठरलं होतं," ती म्हणाली. खोटं पकडलं गेल्यावर तिने कधीच वाद घातला नाही. पण उठलीही नाही. बाहेर एक बस आली आणि गेली. "मी येईन. तू म्हणशील तर आजच येईन. पण तिथे आले ना, की माझ्याकडे राखीवच दिवस उरतील. सगळे तसलेच. तू ओळखशील."

मुलगा कपाच्या तळाकडे बघत राहिला.

"मला रोज बोलायला आवडतं रे," ती म्हणाली. "खरंच आवडतं. पण एखादा दिवस नाही सांगावासा वाटत. तेव्हा नाही सांगणार. असं चालेल?"

"आणि मग मी काय समजायचं?"

"काही समजू नकोस."

"मला नाही जमणार."

"तू परगावी शिकायला गेलास तेव्हा मला कुठे रोज कळत होतं? जमवलंच ना मी?"

"कसं जमवलंस?"

"वाईट," ती म्हणाली. "फार वाईट. पण जमवलं."

त्याने कप खाली ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मावशी, किल्ली तुझ्याकडे एक राहील. आणि तुझा फोन चालू राहील. चार्जर घेऊन."

"राहील," मी म्हटलं. एवढं मुकाट्याने मी साहेबांचंही कधी ऐकलं नव्हतं.

दारात बूट घालताना त्याने विचारलं, "अजून आहेत का तसले दिवस? भरून ठेवलेले?"

"आहेत थोडे. काढून टाकते."

"नको," तो म्हणाला. नाडी बांधता बांधता, मान खाली घालून. "राहू देत."

तो जिना उतरून गेला.

त्यानंतर तिचे चौकोन पूर्वीसारखे रोज भरू लागले, फक्त आता त्यांत टायरवाला असायचा, बस असायची, खोकलाही असायचा. समुद्राबद्दल तिने एक अक्षर सांगितलं नाही. दीरांनी लिहिलं, हल्ली आवाज खराब येतो. नणंदेने लिहिलं, छान.

आणि मग एक दिवस ती बोललीच नाही. काही झालं नव्हतं. सकाळी उठली, आंघोळ केली, लिंबाची वाळकी पानं काढली, माझ्याकडे खाली येऊन बसली. दुपार झाली तसं माझंच लक्ष घड्याळाकडे. कुठल्याही क्षणी जिन्यात पावलं वाजतील, पहार घेऊन कुणी येईल. माझा फोन मी टेबलावर मध्यभागी ठेवला होता, पूर्ण चार्ज केलेला.

"अगं, टाक काहीतरी," मी म्हटलं. "नुसतं 'बरी आहे' म्हण."

"नाही," ती म्हणाली आणि माझ्या टोपलीतल्या शेंगा सोलायला घेतल्या.

दुपार उलटली. कुणाचाही फोन आला नाही. मला वाटलं, बिचारा तिकडे मांडीखाली हात दाबून बसला असेल. ब्लेडबाईच्या मनात काय होतं कोण जाणे, शेंगा मात्र ती फार हळूहळू सोलत होती.

ऊन उतरायच्या सुमारास तिचा फोन किणकिणला. तिने चष्मा लावला, पाहिलं आणि फोन माझ्यापुढे धरला. मुलाचा चौकोन भरला होता. पहिल्यांदाच.

"आई, मी बोलतोय," त्याचा आवाज आला. घसा खाकरला. "म्हणजे, काय सांगायचं असतं यात? सकाळी बस चुकली. मग चालत आलो. शर्टाचं बटण तुटलं, ते स्टेपल करून घेतलंय, घरी सांगू नकोस. डब्यातला अर्धा मी खाल्ला, अर्धा समोरच्याला दिला, त्याचा सांडला होता. काय आहे की... बाकी काही नाही. बरा आहे मी. एवढंच."

आम्हाला वाटलं संपलं. पण संपलं नव्हतं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दुरून कुणीतरी विचारलं, "एकटाच काय बडबडत होतास रे?" आणि तो म्हणाला, "काही नाही. घरी सांगत होतो." मग कागद चाळल्याचा आवाज, एक शिंक, कुठेतरी दार आपटलं, त्याने पुटपुटत काहीतरी मोजलं आणि चुकलं म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला.

"बंद करायचं विसरलाय वाटतं," मी म्हटलं.

"हं," ब्लेडबाई म्हणाली. तिने शेंगांचं ताट बाजूला सारलं, फोन उचलून कानाशी धरला आणि डोळे मिटून ऐकत राहिली.